साथीत साथ दिली का? टपाली मतदान या सेवेचं परीक्षण

टपाली मतदान ही सेवा म्हणून तपासायची तर कसोटी एकच: घरी बसून खूण केलेली मतपत्रिका मोजणीच्या टेबलावर उघडली जाते का? पाकीट पोहोचलं म्हणजे मत मोजलं गेलं असं होत नाही. या दोन टप्प्यांच्या मध्ये तारखा, सह्या, डिंक, शिक्के आणि एखाद्या कारकुनाची नजर असते. कोरोनाच्या वर्षात, म्हणजे २०२० मध्ये, ही सेवा एरवीच्या कितीतरी पट ताणली गेली. त्यामुळे तिचे सांधे कुठे पक्के आहेत आणि कुठे खिळखिळे, हे एका वर्षात उघड झालं.

आधी निकाल सांगून टाकू. ज्याला महिनाभर आधी ठाऊक आहे की आपण केंद्रावर जाणार नाही, त्याच्यासाठी ही सेवा उत्तम आहे. मतदानाच्या आठवड्यात आजारी पडणाऱ्यासाठी बहुतेक ठिकाणी ती नसल्यात जमा आहे. आणि साथ तर नेमकी आगाऊ नोटीस न देता येते. सगळी गोम इथे आहे.

आधी तारखा

टपालाने मत द्यायचं तर साधारण तीन प्रवास होतात. मतदाराचा अर्ज कार्यालयात जातो, कार्यालयातून मतपत्रिकेचा संच मतदाराकडे येतो, आणि भरलेला संच परत जातो. यातला प्रत्येक प्रवास टपाल खात्याच्या भरवशावर असतो, आणि साथीत तेही खातं अपुऱ्या माणसांनिशी चालत असतं. अमेरिकेच्या टपाल खात्याचा तेव्हाचा सल्ला होता की भरलेली मतपत्रिका अंतिम मुदतीच्या किमान एक आठवडा आधी टपालात टाका. हा सल्ला अमेरिकेपुरता समजू नये, कुठेही हाच हिशेब धरावा.

विस्कॉन्सिन राज्याने हे सोसलं. ७ एप्रिल २०२० च्या मतदानाला मिलवॉकी शहरात एरवीच्या सुमारे १८० केंद्रांऐवजी फक्त ५ उघडली, कारण केंद्रावर काम करायला माणसंच नव्हती. ग्रीन बे शहरात ३१ ची २ झाली. टपाली अर्जांचा लोंढा आला आणि संच वेळेत घरी पोहोचले नाहीत. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी, ६ एप्रिलला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं की ७ तारखेपर्यंतचा टपालाचा शिक्का हवा, पाकीट मात्र १३ पर्यंत आलं तरी चालेल. या वाढीव मुदतीत सुमारे ७९ हजार मतपत्रिका आल्या आणि मोजल्या गेल्या. एरवीच्या नियमाने, म्हणजे मतदानाच्या रात्री आठपर्यंत हातात पडलेलीच ग्राह्य धरली असती, तर त्या सगळ्या कचऱ्यात गेल्या असत्या. मतदाराची चूक काहीच नाही, संचच उशिरा आलेला.

म्हणून या सेवेचं माहितीपत्रक हातात आलं की पहिली ओळ शोधायची ती ही: मुदत ‘पोहोचण्याची’ आहे की ‘शिक्क्याची’? पोहोचण्याची असेल तर टपाल खात्याचा उशीर मतदाराच्या माथी येतो. शिक्क्याची असेल तर दुसरा धोका असतो, आणि तो कुणाच्या चटकन ध्यानात येत नाही. न्यूयॉर्क राज्याने २३ जून २०२० च्या प्राथमिक (म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या) निवडणुकीत मतदारांना तिकीट न लावता टाकता येतील अशी, खर्च आधीच भरलेली पाकिटं दिली. हेतू चांगला होता. पण टपाल खातं अशा पाकिटांवर तारखेचा शिक्का मारतंच असं नाही. शिक्का कशासाठी असतो? तिकीट पुन्हा वापरलं जाऊ नये म्हणून. तिकीटच नाही तर शिक्क्याची गरज उरत नाही, पाकीट यंत्रातून तसंच पुढे सरकतं. निवडणूक कायदा मात्र शिक्का मागत होता. न्यूयॉर्क शहरात परत आलेल्या चार लाखांहून थोड्या अधिक मतपत्रिकांपैकी ८४ हजारांहून जास्त बाद ठरल्या. उशीर, सही नसणं आणि शिक्का नसणं ही त्यामागची मोठी कारणं. शेवटी ऑगस्टमध्ये न्यायालयाला सांगावं लागलं की मतदानाच्या दुसऱ्या दिवसापर्यंत पोहोचलेली पाकिटं शिक्का नसला तरी मोजा. एका चांगल्या सोयीने दुसरा नियम कसा मोडतो, याचं हे नमुनेदार उदाहरण आहे.

प्रवास कमी करणं हा सर्वांत स्वस्त उपाय. जर्मनीतल्या बव्हेरिया राज्याने तो केला. १५ मार्च २०२० ला तिथे स्थानिक निवडणुकांची पहिली फेरी नेहमीसारखी झाली. दोन आठवड्यांनी, २९ मार्चला, निर्णायक फेरी होती, आणि तोवर साथ फोफावली होती. राज्याने ती फेरी पूर्णपणे टपालाने घेतली आणि अर्जाची भानगडच काढून टाकली: प्रत्येक मतदाराला संच थेट घरी. अर्जाचा प्रवास वाचला, अर्ज छाननीचे दिवस वाचले. हे जमलं कारण त्या राज्यात टपाली मतदान आधीपासून रुळलेलं होतं. पाकिटांचे नमुने, मोजणीच्या पद्धती, लोकांची सवय, सगळं तयार होतं. नवी पद्धत दोन आठवड्यांत उभी राहत नाही. असलेली मात्र ताणता येते.

आता आजाराच्या तारखा आणि अर्जाच्या तारखा शेजारी ठेवून पाहा. दक्षिण कोरियात १५ एप्रिल २०२० च्या निवडणुकीत रुग्णांना टपालाने मत देता येत होतं, पण त्यासाठी नाव २८ मार्चपर्यंत नोंदवायचं होतं. २९ मार्चला ज्याची चाचणी सकारात्मक आली त्याच्यासाठी हा दरवाजा बंद. त्यांनी उपचार केंद्रांमध्ये विशेष मतदान केंद्रं उघडून काही भाग सावरला. बिहारमध्ये पहिल्या टप्प्याची अधिसूचना १ ऑक्टोबर २०२० ला निघाली आणि मतदान २८ ऑक्टोबरला झालं. आपल्याकडे टपाली मतदान घरी येऊन घेतात (तपशील पुढे), त्याचा अर्ज अधिसूचनेपासून पाच दिवसांत द्यायचा. म्हणजे २० ऑक्टोबरला ताप आलेल्या माणसाला अर्जाची संधीच नव्हती. त्याच्यासाठी एकच वाट उरली: मतदानाच्या शेवटच्या तासात केंद्रावर जायचं, तेही आरोग्य कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली.

ही फट बुजवता येते. जर्मनीच्या संसदीय निवडणुकीच्या नियमात अचानक आजारपणाचा पुरावा दिला तर मतदानाच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत टपाली मतदानाची कागदपत्रं मागता येतात. कुणाला तरी अधिकारपत्र देऊन ती आणवायची आणि भरून सहाच्या आत पोहोचवायची. ब्रिटनने २०२१ मध्ये दुसरा मार्ग काढला: विलगीकरणात अडकलेल्या मतदाराला मतदानाच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत आपल्या वतीने मत देणारा माणूस नेमता येत होता. साथीसाठी टपाली मतदान असा दावा करणाऱ्या कुठल्याही यंत्रणेत असा आणीबाणीचा दरवाजा आहे का, हे पाहावं. नसेल तर ती ज्येष्ठांसाठीची सेवा म्हणून चांगली असेल, साथीसाठीची नव्हे.

पाकीट

संचात साधारण चार वस्तू असतात: मतपत्रिका, आतलं पाकीट, सहीचं घोषणापत्र आणि बाहेरचं पाकीट. दोन पाकिटं का? बाहेरच्या पाकिटावरून आणि घोषणापत्रावरून मतदार कोण ते तपासता यावं, आणि आतलं पाकीट निनावी राहून इतरांच्या ढिगात मिसळावं म्हणून. ओळख आणि मत यांची फारकत या दोन कागदी भिंतींनी होते. त्यामुळे कोणती वस्तू कुठे जाते यावर सगळं अवलंबून आहे.

लक्षात ठेवायचं ते एवढंच: घोषणापत्र कधीही आतल्या पाकिटात नाही. आत फक्त मतपत्रिका. घोषणापत्र आतल्या पाकिटाच्या शेजारी, बाहेरच्या पाकिटात.

भारतीय संचात याला फॉर्म क्रमांक आहेत. १३ ए म्हणजे घोषणापत्र, १३ बी आतलं पाकीट, १३ सी बाहेरचं. मोजणीच्या वेळी १३ सी उघडलं आणि १३ ए सापडलंच नाही, किंवा त्यावर मतदाराची सही अथवा साक्षांकन (सही खरी असल्याची अधिकाऱ्याची ग्वाही) नाही, किंवा १३ ए वरचा मतपत्रिकेचा अनुक्रमांक १३ बी वरच्या क्रमांकाशी जुळला नाही, तर १३ बी न उघडताच बाजूला पडतं. आत कुणाला मत होतं हे कधीच कळत नाही. १३ ए चुकून १३ बी मध्ये घातलं तरी तेच, कारण नियमाप्रमाणे १३ बी उघडण्याआधी १३ ए तपासायचं असतं. आतली मतपत्रिका बाद होते ती एकाहून अधिक उमेदवारांपुढे खूण असेल, खूणच नसेल, मतदाराची ओळख पटेल असं काही लिहिलेलं असेल तर. मतपत्रिकेवर सही करणारे उत्साही लोक या शेवटच्या कलमात जातात. खुणेचा आकार मात्र महत्त्वाचा नाही. बरोबरची खूण असो वा फुली, कौल स्पष्ट दिसला म्हणजे झालं.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये ठरवलं की आतल्या गोपनीयतेच्या पाकिटाशिवाय आलेली मतपत्रिका मोजायची नाही. तिथे अशा मतपत्रिकांना ‘उघड्या’ मतपत्रिका म्हणतात. उघडी मतपत्रिका पाठवणारा मतदार खरा, सही खरी, मुदतीत आलेली, तरी बाद. मग निवडणूक कार्यालयांना लोकांना पाकिटात पाकीट घालायला शिकवत बसावं लागलं.

रचनेसाठी पूर्ण गुण जर्मनीला. संसदीय निवडणुकीत आतलं पाकीट निळं, बाहेरचं लाल. सूचनापत्रकावर चित्रं: निळ्यात मतपत्रिका, लालमध्ये निळं पाकीट आणि सही केलेला मतदान दाखला. वाचता न येणाऱ्यालाही रंग कळतो. देशांतर्गत तिकीट लागत नाही, आणि मुदत पोहोचण्याची असल्यामुळे शिक्क्याचा न्यूयॉर्कसारखा घोळ उद्भवतच नाही. २०१७ च्या संसदीय निवडणुकीत तिथे २८.६ टक्के मतदारांनी टपालाने मत दिलं होतं. २०२१ मध्ये हे प्रमाण ४७.३ टक्के झालं. एवढा भार वाढूनही पद्धत मोडली नाही, यात या दोन रंगांचाही वाटा आहे.

छपाईबद्दल एक सूचना, ही आयोजकांसाठी. पाकिटात योग्य नावाचा योग्य कागद घालणं यंत्राने होतं, आणि यंत्र एक घर चुकलं की पुढची सगळी घरं चुकतात. सप्टेंबर २०२० मध्ये ब्रुकलिनमधल्या जवळपास एक लाख मतदारांना भलत्याच नावाची परतीची पाकिटं गेली. शेजाऱ्याच्या नावाच्या पाकिटावर आपली सही केली की सही जुळणार नाही, हे उघड आहे. सगळ्यांना नवे संच धाडावे लागले. प्रत्येक गठ्ठ्यातली काही पाकिटं उघडून नाव, मतदारसंघ आणि संकेतांक जुळवून पाहणं हा या चुकीवरचा उतारा. मतदारानेही संच आल्या आल्या, खूण करण्याआधी, पाकिटांवर जे नाव आणि क्रमांक छापलेले असतील ते वाचावेत. चूक दिसली तर दुरुस्तीला वेळ असतो. शेवटच्या दिवशी उघडलं तर नसतो.

सही

अमेरिकेत नोव्हेंबर २०२० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत सुमारे ४३ टक्के मतदारांनी टपाली मतपत्रिका वापरली. परत आलेल्यांपैकी बाद झाल्या सुमारे ०.८ टक्के. आकडा लहान वाटतो, पण एवढ्या मोठ्या संख्येचा ०.८ टक्का म्हणजे लाखोंत जातो. त्यातल्या साधारण एक तृतीयांश बाद झाल्या त्या सही न जुळल्यामुळे. नवखे मतदार, नोंदीत दहा वर्षं जुनी सही असलेले, हात कापणारे वृद्ध, लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रिया: हे सगळे इथे अडकतात. ब्रिटनमध्ये सहीबरोबर जन्मतारीख जुळवतात. तिथे लोक घाईत जन्मतारखेऐवजी आजची तारीख लिहून बसतात.

म्हणून सेवेत ‘दुरुस्तीची संधी’ आहे का, हे विचारावं. सही जुळली नाही तर कार्यालय फोन, संदेश किंवा पत्राने कळवतं आणि काही दिवसांत ओळखपत्र दाखवून मत वाचवता येतं, अशी सोय अमेरिकेतल्या अनेक राज्यांत आहे, सगळ्या नाही. पाकिटावर फोन क्रमांकाची जागा असेल तर ती कोरी सोडू नये. आणि सही त्याच लिपीत, त्याच वळणाची करावी जी मतदार नोंदणीच्या वेळी केली होती. बँकेत एक आणि नोंदणीत एक अशा दोन सह्या ठेवणारे बरेच असतात.

साक्षीदाराची अट साथीत विशेष जाचक ठरते. अलाबामात दोन साक्षीदार किंवा नोटरी लागत असे, विस्कॉन्सिनमध्ये एक साक्षीदार. एकटा राहणारा, विलगीकरणातला माणूस साक्षीदार कुठून आणणार? खिडकीच्या काचेतून सही दाखवून दाराखालून पाकीट सरकवायचे प्रकार त्यामुळेच करावे लागतात.

भारतातली आवृत्ती: टपाली नाव, घरपोच काम

मराठी वाचकाला ‘टपाली मतदान’ म्हटलं की सैनिक आणि निवडणूक ड्युटीवरचे कर्मचारी आठवतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये नियम बदलून ८० वर्षांवरचे आणि दिव्यांग मतदार त्यात आले. १९ जून २०२० च्या दुरुस्तीने वय ६५ वर आणलं आणि कोरोनाबाधित व संशयित रुग्णांचाही समावेश केला. पण १६ जुलैला निवडणूक आयोगाने जाहीर केलं की मनुष्यबळ आणि व्यवस्था पाहता बिहारमध्ये ६५ ची सवलत लागू करणार नाही. शेवटी ८० वर्षांवरचे, ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेले, कोरोनाचे रुग्ण आणि अत्यावश्यक सेवेतले कर्मचारी एवढ्यांनाच ती मिळाली.

माघार का घ्यावी लागली ते पद्धत पाहिल्यावर कळतं. इथे पोस्टमन नाहीच. केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बीएलओ, फॉर्म १२ डी घरी आणून देतात आणि भरलेला परत नेतात. दिव्यांगांनी प्रमाणपत्राची प्रत जोडायची, रुग्णांनी आरोग्य यंत्रणेचा दाखला. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने अर्ज मंजूर केला की मतदार यादीत नावापुढे ‘पीबी’, म्हणजे पोस्टल बॅलट, अशी खूण होते. मग ठरलेल्या दिवशी मतदान अधिकाऱ्यांचं पथक घरी येतं: अधिकारी, चित्रीकरण करणारा, पोलीस. उमेदवारांना वेळापत्रक कळवलेलं असतं, ते आपला प्रतिनिधी पाठवू शकतात. पथक पुठ्ठ्याचा आडोसा मांडतं, मतदार आडोशामागे पेनाने खूण करतो, मतपत्रिका १३ बी मध्ये घालून बंद करतो, १३ ए वर सही करतो, अधिकारी जागेवरच साक्षांकन करतात, आणि दोन्ही १३ सी मध्ये बंद होतं. दृष्टिहीन किंवा अतिशय अशक्त मतदाराला सोबती घेता येतो.

गुणवत्तेच्या दृष्टीने ही पद्धत निव्वळ टपालापेक्षा सरस आहे. तीनही प्रवास गेले. साक्षांकनाची धावाधाव नाही. घरातला कर्ता पुरुष आजीच्या वतीने मतपत्रिका भरून टाकतो हा टपाली मतदानावरचा सर्वांत जुना आक्षेप, तो आडोसा आणि कॅमेरा यांनी बराच कमी होतो. पण ती वाढवता येत नाही. एका पथकाला एका दिवसात मोजकीच घरं होतात. ६५ वर्षांवरचे सगळे मतदार घेतले असते तर पथकंच पुरली नसती. साथीत आणखी एक विसंगती: ज्यांना गर्दीपासून वाचवायचं त्यांच्याच घरात चार-पाच अनोळखी माणसं येतात, तीही एका घरातून दुसऱ्या घरात जात.

शुद्ध टपालाने हे का जमलं नसतं? उमेदवारी मागे घेण्याची मुदत संपल्यावरच अंतिम यादी ठरते आणि मतपत्रिका छापता येते. कायद्याने त्यानंतर किमान चौदाव्या दिवशी मतदान घेता येतं. बिहारच्या पहिल्या टप्प्यात माघारीचा शेवटचा दिवस १२ ऑक्टोबर होता, मतदान २८ ला, मध्ये १६ दिवस. त्यात छपाई, वितरण, जाणं, येणं. अमेरिकेत परदेशातल्या आणि लष्करी मतदारांना मतपत्रिका ४५ दिवस आधी पाठवण्याचं बंधन आहे. हा फरक पाहिला की हिशेब कळतो. आपल्याकडे सैनिकांसाठी म्हणून तर २०१६ पासून कोरी मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवतात. निदान जाण्याचा प्रवास वाचतो, परतीचं पाकीट मात्र टपालानेच.

भारतीय नियमातली एक गोष्ट खरोखर चांगली आहे आणि तिचं फारसं कौतुक होत नाही. टपाली मतपत्रिका पोहोचण्याची मुदत मतदानाचा दिवस नसून मोजणी सुरू होण्याची वेळ आहे, बहुधा सकाळी आठ. मतदान आणि मोजणी यांत दिवस जात असल्यामुळे आपोआप मोकळीक मिळते. बिहारमध्ये पहिल्या टप्प्याचं मतदान २८ ऑक्टोबरला आणि मोजणी १० नोव्हेंबरला, म्हणजे जवळपास दोन आठवडे.

वापरताना फसण्याच्या जागा: १२ डी मंजूर झाला की केंद्रावर मत देता येत नाही. ‘बघू, बरं वाटलं तर बूथवर जाऊ’ म्हणून अर्ज भरून ठेवायचा नाही. पथक पहिल्या फेरीला आलं आणि मतदार घरी नसला तर दुसरी फेरी होते. तीही चुकली तर तिसरी नाही. म्हणून मुलीकडे, गावाकडे जायचा बेत असेल तर अर्जात पत्ता आणि चालू मोबाइल क्रमांक नीट द्यावा. भेटीची वेळ त्याच क्रमांकावर येते.

केंद्र की टपाल?

टपाली मतदानाचे कट्टर समर्थक असं बोलतात जणू केंद्रावर जाणं म्हणजे आजार विकत घेणं. कोरियाने ते खोटं पाडलं. दारात तापमान, ३७.५ अंशांवर असेल तर वेगळा कक्ष, प्रत्येकाला एकदा वापरायचे प्लास्टिकचे हातमोजे, एक मीटर अंतर, आणि दोन दिवस आगाऊ मतदान म्हणजे गर्दीची विभागणी. मतदान ६६.२ टक्के झालं, तिथल्या संसदीय निवडणुकांतलं १९९२ नंतरचं सर्वाधिक. बिहारने केंद्रामागे मतदार १५०० वरून १००० वर आणले, एक तास वाढवला, आणि हातमोज्यांची व्यवस्था कोटींमध्ये केली. हे सगळं खर्चिक आहे, पण ज्या देशात टपालाची सवय नाही तिथे नव्याने टपाल उभं करण्यापेक्षा खात्रीचं.

पोलंडने उलट्या दिशेने उडी मारली. १० मे २०२० ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक पूर्णपणे टपालाने घ्यायचं ठरलं. कायदा संसदेच्या वरच्या सभागृहात अडकलेला असतानाच मतपत्रिकांची छपाई सुरू झाली. टपाल खात्याने महापालिकांकडे मतदार याद्या ई-मेलने मागितल्या. अनेक महापौरांनी कायद्याचा आधार नाही म्हणून नकार दिला. संच साध्या टपालपेटीत टाकायचे होते, पोच न घेता, म्हणजे कुणाला मिळाला आणि कुणाला नाही याचा पुरावाच नाही. १० मे उजाडला आणि केंद्रं उघडली नाहीत, टपालही निघालं नाही. सुमारे ७ कोटी झ्लॉटी खर्च पाण्यात. निवडणूक अखेर २८ जून आणि १२ जुलैला झाली, केंद्रं आणि ऐच्छिक टपाल अशी दोन्ही ठेवून.

गैरप्रकाराबद्दल थोडक्यात. तो होतो, पण तो पकडला जातो तो पाकिटांच्या तपासणीतच. न्यू जर्सीतल्या पॅटर्सन शहरात मे २०२० ची पालिका निवडणूक केवळ टपालाने झाली. टपालपेटीत मतपत्रिकांचे गठ्ठे सापडले, सुमारे १९ टक्के मतपत्रिका बाजूला काढल्या गेल्या, फौजदारी गुन्हे दाखल झाले आणि न्यायाधीशांनी एका प्रभागाची निवडणूक नव्याने घ्यायला लावली. धोक्याची जागा म्हणजे इतरांची पाकिटं गोळा करणारा ‘मदतनीस’. आपलं पाकीट स्वतः टाकावं, किंवा कॅमेऱ्याच्या नजरेखालच्या अधिकृत मतपेटीत.

मोजणी

एक पाकीट मोजायला केंद्रावरच्या मतापेक्षा कितीतरी जास्त हात लागतात: बाहेरचं कापा, सही जुळवा, आतलं वेगळं करा, घडी उलगडा, सपाट करा, मग मोजा. हे काम आधी सुरू करू दिलं तर निकाल रात्री मिळतो. फ्लोरिडात तीन आठवडे आधीपासून पाकिटं उघडायची मुभा होती, तिथला निकाल ३ नोव्हेंबर २०२० च्या रात्रीच स्पष्ट झाला. पेनसिल्व्हेनियात मतदानाच्या दिवशी सकाळी सातपर्यंत पाकिटाला हात लावायला बंदी होती. तिथला कौल ७ नोव्हेंबरला कळला, आणि मधल्या चार दिवसांत अफवांना ऊत आला.

आपल्याकडे टपाली मतं आठ वाजता सुरू होतात, यंत्रं साडेआठला. बिहारमधल्या हिलसा मतदारसंघात २०२० मध्ये विजयाचं अंतर होतं १२ मतांचं, आणि बाद ठरलेल्या टपाली मतपत्रिका होत्या १८२. अंतर बाद मतपत्रिकांपेक्षा कमी असलं तर त्या सगळ्या पुन्हा तपासायच्या, असा आयोगाचा नियम आहे, आणि तो तिथे लागू झाला. १३ ए वरची एक सही किती मोलाची असते, हे उमेदवारांच्या मोजणी प्रतिनिधींना त्या दिवशी कळलं असेल.

घरपोच मतदान साथ ओसरल्यावरही राहिलं. पण मार्च २०२४ मध्ये वयाची अट ८० वरून ८५ झाली. म्हणजे २०२० मध्ये नुकतीच ऐंशी ओलांडून ज्या आजींनी घरच्या घरी पुठ्ठ्याच्या आडोशामागे मत दिलं, त्या २०२४ च्या लोकसभेला चौऱ्याऐंशीच्या आसपास होत्या, आणि अपंगत्वाचा दाखला नसेल तर पुन्हा बूथच्या रांगेत.